ट्यूबाचा मंद्र पंचम



पाश्चात्य वाद्यवृंदाचें एखादें छायाचित्र आपण पाहिलें असेल, तर अगदीं मागच्या रांगेंत, ट्राँबोनवाल्यांच्या शेजारीं, पितळी नळ्यांचें एक भलें मोठें वेटोळें मांडीवर घेऊन बसलेला वादक आपल्या नजरेस पडला असेल. त्या वेटोळ्याचा भोंगा आढ्याकडे तोंड करून असतो. ह्या वाद्याचें नांव ट्यूबा. व्हायोलिनें तेथें डझनांनीं असतात. ट्यूबा बहुधा एकच. व्हायोलिनवाल्याचा एखादा स्वर कच्चा लागला तर शेजारचे तो झांकून घेतात. ट्यूबावाल्याला झांकणारें कोणी नाहीं. साऱ्या पितळी वाद्यांचा पाया त्याच्या एकट्याच्या फुंकेवर उभा असतो, आणि तो डळमळला तर वरचा इमला कितीहि सुबक असला तरी कानाला खटकल्यावांचून राहत नाहीं.

आज मला बोलावयाचें आहे तें ह्या कुटुंबांतील एका धाकट्या, परंतु मानी, भावंडाविषयीं. फिरत्या झडपांचा ‘एफ’ बास ट्यूबा हें त्याचें नांव. तो विकत घेतांना त्याचे खालचे स्वर कसे पारखावे, एवढाच माझा विषय. तो आपल्या घरांपासून दूरचा वाटेल. पण अगदींच परका राहिलेला नाहीं. गोमंतकीय वादकांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाश्चात्य वाद्यें वाजवून चरितार्थ चालविला, मुंबईंत २००६ सालीं सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली, आणि परदेशीं शिकावयास जाणाऱ्या आपल्या मुलांत क्वचित् संगीत शिकणारीं मुलेंहि असतात. अशा एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा घरीं निरोप येतो कीं, ‘एफ’ ट्यूबा घ्यावयाचा आहे, आणि त्याला एका लहान नव्या मोटारगाडीइतकी किंमत पडते. तेव्हां वडील मंडळींनीं काय विचारावें? रंग, चकाकी, कारखान्याचें नांव ह्यांची चौकशी सगळेच करतात. पण जें वाद्य पुढचीं वीस-पंचवीस वर्षें मांडीवर राहावयाचें आहे, आणि ज्याच्या एकदोन स्वरांवर वाद्यवृंदांतील नोकरीची परीक्षा लागावयाची किंवा हुकावयाची आहे, त्याच्याविषयीं पहिला प्रश्न निराळाच असावयास पाहिजे. ह्याचा मंद्र पंचम कसा आहे?

तो प्रश्न समजण्यासाठीं थोडी पूर्वतयारी लागेल. प्रचारांत असलेले ट्यूबा मुख्यतः चार मापांचे. आपल्या पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर काळी पांच, पांढरी एक, काळी दोन व पांढरी चार हे त्यांचे मूळ षड्ज. पहिल्याची नळी उलगडून सरळ केली तर सुमारें १८ फूट भरेल, दुसऱ्याची १६, तिसऱ्याची १३ आणि चवथ्याची १२ फूट. पहिले दोन काँट्राबास ट्यूबा, शेवटचे दोन बास ट्यूबा. पांढरी चार म्हणजेच युरोपीयांचा ‘एफ’. जर्मन वाद्यवृंदांतील वादक सामान्यतः दोन वाद्यें बाळगतो. एक हा ‘एफ’ ट्यूबा, आणि जड कामाकरितां काळी पांचचा काँट्राबास. इंग्लंडांत काळी दोनचा प्रघात पडला, अमेरिकेंत पांढरी एकचा. व्हिएन्नाच्या जुन्या वादकांनीं तर तीन झडपा डाव्या व तीन उजव्या हाताला देऊन एकाच ‘एफ’ ट्यूबावर वरचें आणि खालचें सगळें काम भागविलें. खालचे स्वर ह्या वाद्याच्या स्वभावांतच नाहींत असें म्हणणाऱ्यांना हें व्हिएन्नाचें उदाहरण दाखवावें.

वाद्याच्या जन्माची हकीकतहि त्याच बाजूची आहे. प्रशियाच्या लष्करी बँडांचे धुरीण विल्हेल्म वीप्रेख्ट आणि बर्लिनचे वाद्यकार योहान गॉटफ्रीड मॉरिट्झ ह्यांनीं १२ सप्टेंबर १८३५ रोजीं बास ट्यूबाचें पेटंट घेतलें. तें वाद्य ‘एफ’चेंच होतें व त्याला पांच झडपा होत्या. वरचीं कामें तीन झडपांत भागतात. उरलेल्या दोन ज्यांनीं बसविल्या त्यांचा डोळा खालच्या स्वरांवर होता हें उघड आहे. त्याच सालीं व्हिएन्नांत योझेफ रीडल ह्यानें फिरत्या झडपेचें पेटंट घेतलें. बर्लिनच्या त्या पहिल्या ट्यूबाच्या झडपा वरखालीं होणाऱ्या होत्या. फिरती झडप ट्यूबांत मागाहून आली, परंतु जर्मनी, ऑस्ट्रिया व बोहेमिया ह्या टापूंत ती अशी रुजली कीं, आज जर्मन पद्धतीचा ट्यूबा म्हटलें म्हणजे फिरत्या झडपांचाच ट्यूबा डोळ्यांपुढें येतो. तिची रचना साधी आहे. पितळेच्या डबींत एक लहानसा दंडगोल बसविलेला असतो. कळ दाबली कीं तो पाव फेरा फिरतो आणि फुंकेचा मार्ग एका जादा नळीकडे वळवितो. बोटाची हालचाल थोडी होते, म्हणून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणें मऊ होतें. आपल्या मींडेची बरोबरी नव्हे, पण त्या अंगानें जाणारें कांहींतरी.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. पितळी वाद्यांत झडपांना हात न लावतां, केवळ ओंठांच्या ताणानें, ठराविक स्वरच निघतात. ‘एफ’ ट्यूबावर ते खालून वर असे येतात: तळाशीं मंद्र षड्ज, मग एकदम मध्य षड्ज, मग मध्य पंचम, मग तार षड्ज, आणि पुढें ते दाट होत जातात. हीं सप्तकें ट्यूबाच्या हिशेबाचीं. गायकाच्या हिशेबानें सारेंच बरेंच खालीं आहे. मध्य षड्ज व मध्य पंचम ह्यांच्यामध्यें कोमल-तीव्र धरून सहा स्वरांची पोकळी राहते, आणि ती तीन झडपांनीं भरून निघते. परंतु मध्य षड्जाच्या खालीं मंद्र षड्जापर्यंत सबंध सप्तक रिकामें आहे. अकरा स्वर तेथें झडपांच्या मदतीनें घडवावे लागतात. ह्या विहिरींत उतरतांना दोन्ही निषाद व दोन्ही धैवत या चार पायऱ्या बहुतेक वाद्यांवर सुरळीत लागतात. पांचवी पायरी मंद्र पंचमाची, आणि तेथें पाय घसरतो.

हा स्वर पेटीवरचा पांढरी एक. सेकंदाला सुमारें ६५ कंपनें. पांढरी एकमध्यें गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार आठवा. तोच हा स्वर. तंबोऱ्यावर तो छेडतांच घर भरून जातें. फिरत्या झडपांच्या पुष्कळ ‘एफ’ ट्यूबांवर मात्र तो फुंकावा तर आधीं नुसता वारा ऐकूं येतो, मग घोगरी कुजबुज, आणि मग स्वर. आणि तोहि जागेवर राहत नाहीं. जोरानें फुंकलें तर फाटतो, हलकें फुंकलें तर विझतो. त्याखालचे सहा स्वरहि त्याच दुखण्याचे, पण त्यांचा प्रसंग कमी येतो. पंचमाचा सारखा येतो.

असें कां व्हावें? एक कारण लांबीचें आहे, व तें आंकड्यांनीं सांगितल्यास लवकर कळेल. स्वर अर्ध्यानें उतरविण्यास नळी तिच्या त्या वेळच्या लांबीच्या शेंकडा सहाच्या आसपास वाढवावी लागते. ‘एफ’ ट्यूबाची मूळ नळी १२ फूट, म्हणजे ३६६ सेंटिमीटर धरूं. पूर्ण स्वर उतरविणारी पहिली झडप हिला सुमारें ४५ सेंटिमीटर जोडते, दीड स्वराची तिसरी झडप ६९. मध्य षड्जापासून मंद्र पंचमापर्यंत अडीच स्वर उतरावयाचें, म्हणजे साडेबावीस वर शंभर, १२२½ सेंटिमीटर पाहिजेत. पहिली व तिसरी एकदम दाबली तर होतात ११४. साडेआठ सेंटिमीटर तूट राहते, आणि पंचम चढा लागतो. म्हणून १२२½ सेंटिमीटरची स्वतंत्र चवथी झडप ठेवतात. पण ती दाबतांच वाद्य ३६६चें राहिलें नाहीं, ४८८चें झालें. आणि आतां आणखी एक पूर्ण स्वर उतरावयाचा तर ४५ पुरत नाहींत, ६० लागतात. ही पंधरा सेंटिमीटरची तूट भरून काढण्यासाठीं पांचवी झडप, लांबट पूर्ण स्वराची. आणि त्याच न्यायानें सहावी, लांबट अर्ध्या स्वराची. विक्रेता झडपांची संख्या अभिमानानें सांगतो. संख्येपेक्षां त्यांची मापें विचारावीं. पांचव्या झडपेची नळी किती, ती हातानें किती बाहेर सरकते, आणि वाजवितांना डावा हात तेथवर पोंचतो कीं नाहीं, हें पाहिल्याशिवाय सहा झडपांचा कांहीं उपयोग नाहीं.

दुसरें कारण अधिक खोल आहे. ट्यूबाचा गोलसर, भरदार आवाज येतो तो त्याची नळी माउथपीसपासून भोंग्यापर्यंत सारखी रुंदावत जाते म्हणून. झडपांच्या जादा नळ्या मात्र रुंदावत नाहींत; त्या एकाच व्यासाच्या असाव्या लागतात, नाहींतर त्या सरकवून स्वर जुळवितां येणार नाहींत. मंद्र पंचमाला अशी सव्वा मीटर सरळ नळी मध्येंच घुसते. त्या पोकळींतील शेवटचा स्वर, मंद्र कोमल ऋषभ, काढावयाचा तर तब्बल ३२५ सेंटिमीटर. म्हणजे जेवढें मूळ वाद्य, जवळजवळ तेवढीच दुसरी नळी त्याच्या पोटांत शिरते, आणि रुंदावणाऱ्या वाद्याचें अर्धें अंग सरळ होऊन बसतें. शिवाय प्रत्येक दाबलेली झडप म्हणजे फुंकेच्या वाटेंत आणखी वळणें.

अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्ते आर्थर बेनेड ह्यांनीं संगीताच्या ध्वनिशास्त्रावरील आपल्या १९७६च्या ग्रंथांत ही गोष्ट चांगली उलगडून दाखविली आहे. पितळी वाद्याचा स्थिर स्वर हा नळीच्या एकाच अनुनादावर उभा नसतो. मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा स्थानांवर नळीचे दुसरे अनुनाद हजर असले, तर ते सारे मिळून ओंठांना सांवरून धरतात. ते इकडेतिकडे सरकलेले असले तर ओंठांना साथ मिळत नाहीं. साथीला तबलजी एका लयींत व पेटीवाला दुसऱ्या लयींत असावा, आणि गायकानें समेवर यावें अशी अपेक्षा करावी, तसें तें होतें. मंद्र पंचमाचें दुखणें हें बव्हंशीं असें साथीचें दुखणें आहे. म्हणूनच तें नुसत्या छातीच्या जोरानें बरें होत नाहीं.

येथें दुसऱ्या बाजूचेंहि ऐकलें पाहिजे. लहानपणापासून ‘एफ’वरच वाढलेले जर्मन व ऑस्ट्रियन वादक ह्या तक्रारीला फारशी किंमत देत नाहींत. त्यांचें म्हणणें असें कीं, दोष वाद्याचा नसून काँट्राबासवरून ‘एफ’कडे वळणाऱ्या वादकाचा आहे. तो मोठ्या वाद्याला लागणारा वारा लहान वाद्यांत कोंबतो आणि मग तें गुदमरलें म्हणून ओरड करतो. पंचमाला वारा मंद, उबदार आणि अखंड हवा, जोर नको. ह्यांत पुष्कळ तथ्य आहे. चांगला वादक तें दुखणें झांकूं शकतो. पण माझ्या मतें झांकणें व नसणें ह्यांत अंतर आहे. जो पंचम शांत खोलींत, तयारी करून, युक्तीनें लागतो, तो वाद्यवृंदांत चाळीस मोजे मुकाट बसल्यावर अकस्मात् आला तर लागेलच असा भरंवसा नाहीं. ट्यूबावाल्याच्या आयुष्यांतील बरेचसे स्वर असे मुकाट बसल्यानंतरचेच असतात.

कारखानदारांनीं ह्यावर उपाय शोधले नाहींत असें नाहीं. जर्मन ट्यूबाच्या धंद्याचा इतिहास मोठा आहे. मायन्स येथील आलेक्झांडर घराणें १७८२ पासूनचें. बोहेमियांतील ह्राडेट्झ क्रालोव्हे येथें चेर्व्हेनी ह्यानें १८४२ सालीं कारखाना काढला आणि मोठीं पितळी वाद्यें बनविण्यांत नांव कमावलें. त्याच प्रांतांतील ग्रास्लिट्झ म्हणजे पितळी वाद्यांची पंढरीच. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील जर्मनभाषिकांना देश सोडावा लागला, आणि हातांतलें कसब तेवढें घेऊन आलेल्या कारागिरांनीं बव्हेरियांत नव्यानें दुकानें मांडलीं. वाल्डक्रायबुर्गचा मिराफोन हा त्यांनीं १९४६ सालीं सहकारी तत्त्वावर उभारलेला कारखाना. निर्वासितांनीं ओसाड जागीं भट्ट्या पेटवून घडविलेलीं हीं वाद्यें पुढें देशोदेशींच्या वाद्यवृंदांत गेलीं, ही हकीकत स्वतंत्र भाषणाची आहे. येथें तिच्यांत शिरत नाहीं.

उपायांचें तत्त्व सामान्यतः असें. पहिल्या झडपेपासून शेवटच्या झडपेपर्यंत नळीचा व्यास टप्प्याटप्प्यानें वाढवीत न्यावयाचा, म्हणजे सरळ नळ्यांमुळें मोडणारा रुंदाव थोडातरी राखला जातो. माउथपीसपासून झडपांपर्यंतची पहिली नळी निराळ्या मापानें काढावयाची. पोट व भोंगा मोठा करावयाचा. ह्या मार्गानें केलेल्या वाद्यांवर मंद्र पंचम खरोखरच सुधारतो. परंतु येथेंच गिऱ्हाइकानें सावध राहावें. रुंदी वाढवीत गेलें म्हणजे ‘एफ’ ट्यूबा हळूहळू लहान काँट्राबास बनूं लागतो. त्याच्या वरच्या सप्तकाची ती गाणारी, किंचित् चिरीव, नेमकी धार बोथट होते. आणि ती धार हवी म्हणूनच तर ‘एफ’ घ्यावयाचा असतो. बर्लिओझनें १८३० च्या आपल्या सिंफनींत ऑफिक्लाइड नांवाच्या जुन्या वाद्याकरितां लिहिलेलीं कामें हल्लीं बहुधा ट्यूबावर वाजवितात. तीं फुगीर आवाजाच्या वाद्यावर वाजविलीं कीं शेजारचीं बासून वाद्यें बुडून जातात. उलट व्हॉन विल्यम्सचा १९५४ चा ट्यूबा काँचेर्टो किंवा हिंडेमिटची १९५५ ची बास ट्यूबा-पियानो सोनाटा घेतली, तर तेथें वरचें गाणें आणि खालचा पाया एकाच श्वासांत मागितला जातो. तेव्हां बळकट खालचे स्वर म्हणजे मोठा आवाज नव्हे. वरचा आवाज ज्या जातीचा आहे, त्याच जातीचा आवाज खालीं पोंचला पाहिजे.

पिस्टनच्या झडपांचे ‘एफ’ ट्यूबाहि मिळतात, आणि त्यांवर मंद्र पंचम सोपा जातो असा काँट्राबासवरून आलेल्या पुष्कळ वादकांचा अनुभव आहे. ज्याला दोन्ही हातांत एकच चाल हवी आहे त्यानें तेहि पाहावेत. परंतु जर्मन वाद्यवृंदांत बसावयाचें असेल तर फिरत्या झडपांचा प्रश्न टाळतां येत नाहीं.

प्रत्यक्ष पारख कशी करावी तें आतां सांगतों. दुकानांत गेल्यावर पहिलीं दहा मिनिटें कोणताहि निकाल देऊं नये. नळीतली हवा दहा अंशांनीं तापली तर स्वर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शानें चढतो. थंड वाद्यावर स्वरमापक लावणें व्यर्थ आहे. वाद्य तापलें म्हणजे मध्य षड्जावरून एकेक पायरी उतरत मंद्र पंचमाला यावें, अगदीं हलक्या आवाजांत, आणि प्रत्येक स्वर दोन सेकंद धरावा. मोठ्यानें वाजविलेल्या स्वरांत वाद्याचे दोष लपतात. मग जिभेचा आघात न करतां, नुसत्या श्वासानें, पंचम सुरू करून पाहावा. येथें जो आढेवेढे घेत नाहीं तो ट्यूबा निम्मी परीक्षा उतरला. पुढें पंचम हलका सुरू करून मोठा करावा व पुन्हां हलका करावा. ह्या प्रवासांत स्वर चढूं-उतरूं लागला तर अनुनादांची साथ बरोबर नाहीं. स्वरमापक यंत्र वादकानें स्वतः पाहूं नये, सोबत्यानें पाहावें. कारण डोळ्यांनीं कांटा दिसला कीं ओंठ नकळत स्वर वांकवून जागेवर आणतात, आणि वाद्याचा दोष वादकाच्या कसबांत बुडून जातो. शक्य असेल तर एक ट्राँबोनवाला बरोबर न्यावा व त्याला वरचा षड्ज धरावयास सांगून खालीं पंचम लावावा. दोन स्वर एकमेकांत मिसळले कीं नाहींत हें सांगावयास यंत्र लागत नाहीं.

सोबत्यानें ऐकावयाचें तें वाद्यापाशीं उभें राहून नव्हे. ट्यूबाचा भोंगा छताकडे असतो. शेजारीं उभ्या असलेल्यास खालचा स्वर फुसका वाटतो आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेंत तोच भरून येतो. उलटेंहि घडतें. आणि एक गोष्ट आज विशेष सांगण्यासारखी आहे. खिशांतल्या टेलिफोनवर वाजवणूक टिपून ती घरीं धाडून निवड करण्याची पद्धत पडली आहे; ह्या एका कामांत तिचा भरंवसा धरूं नये. लहान भोंग्यांतून ६५ कंपनांचा मूळ स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाहीं. वरच्या अंशांवरून आपला कान तो मनानें पुरा करून घेतो. आत्तां हें भाषण आपण ज्या यंत्रावर ऐकत आहां, त्यावर एक उत्तम आणि एक पोकळ असे दोन मंद्र पंचम मीं लागोपाठ ऐकविले, तर पुष्कळदां आपल्याला फरक कळणार नाहीं.

जुनें वाद्य घ्यावयाचें असेल तर खालचे स्वर हीच त्याची नाडी. वरच्या स्वरांना एखादी झडप लागते, खालच्यांना तीन-चार. म्हणून कोठें बारीक गळती असली तर ती तळाशींच उघडी पडते. झडप न दाबतां तिची नळी थोडी बाहेर ओढावी व मग झडप दाबावी. आंतून टप् असा आवाज आला तर हवा धरून ठेवली जाते असें समजावें. प्रत्येक फिरत्या झडपेच्या मागचें झांकण उघडलें म्हणजे दंडगोलाच्या टोंकावर व बाजूच्या पट्टीवर खुणा केलेल्या दिसतात. त्या कळ दाबल्यावर व सोडल्यावर एका रेषेंत आल्या पाहिजेत. त्या येत नसतील तर पुष्कळदां बुचाचे किंवा रबराचे दोन लहान तुकडे झिजलेले असतात. तुकडे काय किंमतीचे? पण तेवढ्या झिजेमुळें त्या झडपेचीं दारें अर्धवट लोटलेलीं राहतात, मंद्र पंचम घुसमटतो, आणि चांगलें वाद्य वाईट म्हणून पडत्या भावांत विकलें जातें. जाणत्या गिऱ्हाइकानें अशा वाद्यावर अवश्य नजर ठेवावी. उलट दंडगोलच झिजून सैल झाला असेल तर दुरुस्ती खर्चाची असते, आणि भाव कितीहि उतरला तरी तो सौदा सोडून द्यावा.

माउथपीस वादकानें स्वतःचें न्यावें, दुकानदारानें पुढें केलेलें नव्हे. काँट्राबासचें मोठें माउथपीस ‘एफ’ला लावून खालचे स्वर फुगवून दाखविण्याचा प्रकार सर्रास चालतो. तेवढ्यापुरतें बरें वाटतें. पण वरचे स्वर उतरतात आणि मंद होतात. माउथपीस बदलून पंचम थोडा सुधारतो, घडत नाहीं.

राहिला प्रश्न, घ्यावयाचा कोणता. ज्याच्या घरीं चांगला काँट्राबास आधींच आहे, त्यानें खालच्या बळासाठीं वरची धार गमावूं नये. मध्यम पोटाचा, पांच झडपांचा, गाणारा ‘एफ’ घ्यावा व पंचम निर्दोष नसला तरी प्रामाणिक असल्यास समाधान मानावें. ज्याला एकाच वाद्यावर शिक्षण, परीक्षा आणि पोट भागवावयाचें आहे, त्याच्या बाबतींत माझें मत उलट आहे. त्यानें सहा झडपांचा, व्यास वाढत जाणारा, खालीं बळकट असा ट्यूबा घ्यावा, आणि वरची धार रियाजानें मिळवावी. वरचे स्वर रियाजानें गोड होतात हें सिद्ध आहे. नळींत नसलेला अनुनाद रियाजानें उत्पन्न होत नाहीं.

शेवटीं व्यवहाराचें एक. पैसे चुकते करण्यापूर्वीं वाद्य दोन आठवडे घरीं वापरावयास मागावें. मोठ्या किंमतीच्या वाद्यांना अशी मुदत मागण्यांत कांहीं वावगें नाहीं. पहिला आठवडा त्याच्याशीं ओळख होण्यांतच जाईल, विशेषतः वादक काँट्राबासवरून आलेला असेल तर. दुसऱ्या आठवड्यांत एके रात्रीं ट्यूबा पेटींत न ठेवतां खोलींतच उभा ठेवावा. सकाळीं उठून, ओंठ न तापवितां, दुसरा एकहि स्वर न काढतां, चवथी झडप दाबून हलकेच मंद्र पंचम फुंकावा. तो थोडा उतरलेला लागेल, त्याची चिंता नको. थंडीमुळें तें व्हावयाचेंच. फुंक आणि स्वर ह्यांच्यामध्यें किती वेळ जातो, तेवढें ऐकावें.